खोट्या किल्ल्यावर राहून गेलेली शिट्टी

मित्रांनो, मी एक किल्ला आहे, पण खोटा. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही माझ्यात तोफा आणि भुयारं शोधत बसाल. लोणावळ्याहून कुरवंड्याला यायचं, गाव मागे टाकून नागफणीच्या सुळक्याच्या अंगाला चालू लागायचं, की करवंदीच्या जाळ्यांमागे पठारावर मी उभा आहे. माझे बुरूज विटांचे. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि गिलाव्यावर दगडाचा रंग. दर पावसाळ्यात रंग उडतो आणि मी ठिकठिकाणी लाल दिसतो. हवा स्वच्छ असली की लांबवर लोहगड आणि विसापूर दिसतात. खऱ्या लढाया पाहिलेली ती मंडळी. त्यांच्यापुढे मी म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमधला राजा.

माझा जन्म चार देशांच्या मैत्रीतून झाला. चौघांनी ठरवलं, की आपल्या फौजांनी दरवर्षी एकत्र सराव करायचा. किल्ला कसा घ्यायचा, कसा राखायचा, आत अडकलेल्या गावकऱ्यांना कसं बाहेर काढायचं, हे शिकायचं. पण सरावासाठी खरा किल्ला कोण देणार? म्हणून मला बांधलं. माझ्या पोटात एक गल्ली केली, दुकानं केली, पाण्याची टाकी केली. दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत लिहाव्यात यावर चौघांचं एकमत होईना, तेव्हा कोणालाच वाचता येऊ नयेत अशी अक्षरं रंगवून मोकळे झाले. माझ्या नावाचंही तेच झालं. शेवटी मला नावाऐवजी एक आकडा मिळाला. कुरवंड्याचे लोक मात्र पहिल्या दिवसापासून 'खोटा किल्ला' म्हणू लागले आणि मला ते आकड्यापेक्षा आवडलं.

दरवर्षी शिमगा झाला की फौजा यायच्या. माझ्या दरवाजावर चार झेंडे चढायचे. एका देशाचे सैनिक उंचेपुरे आणि सारखी कॉफी पिणारे, दुसऱ्याचे ठेंगणे, डोंगरातले, हसताना डोळे मिटणारे. हुकूम चार भाषांत सुटायचे, त्यामुळे डावीकडे जा म्हटलं की निम्मे उजवीकडे जायचे. प्रत्येक फौजेला एकदा तरी मला जिंकू द्यावं लागायचं, नाहीतर मैत्रीत रुसवेफुगवे. मी सकाळी पडायचो आणि जेवणाच्या वेळेला पुन्हा जसाच्या तसा उभा. संध्याकाळी सगळे माझ्या पायऱ्यांवर बसून फोटो काढायचे आणि जाताना माझ्या भिंतीवर प्रेमाने थाप मारायचे. खरं सांगतो, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

सरावात गावकरीही लागायचे. ते कुरवंड्यातून रोजंदारीवर यायचे. त्या दिवसांत भाताची खाचरं रिकामीच असतात. बायका दुकानांत खोटी भाजी विकायच्या, पुरुष धावपळ करायचे, आणि काहींनी जखमी व्हायचं, काहींनी मरायचं. प्रत्येकाच्या गळ्यात एक पाटी असायची. हिरवी पाटी म्हणजे धडधाकट, लाल म्हणजे जखमी, काळी म्हणजे मेलेला.

काळ्या पाटीचा एक नियम होता आणि तो कसा झाला ते ऐका. एका वर्षी एका मेलेल्याला उन्हात तहान लागली. एका सैनिकाने माणुसकीने त्याला पाणी पाजलं. झालं! समोरची फौज म्हणाली, तुम्ही मेलेला माणूस जिवंत केलात, ही लबाडी आहे. दोन फौजा एकमेकींच्या पंगतीला बसेनात. मग चौघांनी मिळून ठरवलं, की काळ्या पाटीच्या माणसाला कोणी हात लावायचा नाही, त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, आणि त्यानेही पंचाची लांब शिट्टी होईपर्यंत हलायचं नाही. पंच म्हणजे दंडाला पांढरी फीत बांधलेला, कुठल्याच बाजूने न लढणारा अधिकारी. बाकी शंभर नियम या फौजांनी मोडले असतील, पण हा एक मात्र सगळ्यांनी पाळला.

या मरणाऱ्यांमध्ये दत्तोबा सगळ्यांत सरस होता. कुरवंड्याचा साधा शेतकरी, पण काय मरायचा! गोळीचा बार झाला की गिरकी घेऊन पडायचा आणि मग नाकावर माशी बसली तरी हलायचा नाही. पोरं त्याला चिडवायची, "आबा, आज कुटं मरायचं ठरलंय?" आणि तो ऐटीत सांगायचा, "टाकीपाशी. तितं सावली लय चांगली." शिट्टी झाली की तो उठून कपडे झटकायचा आणि टोपी शोधायचा. त्याची बायको नंदाबाई माझ्या गल्लीत भाजीवाली व्हायची. त्यांची मुलगी सारिका तेव्हा शाळेत जात होती.

त्या दिवशी सकाळी माझ्या दरवाजापाशी पाट्या वाटणं चाललं होतं. नंदाबाईने नवऱ्याच्या हातात काळी पाटी पाहिली आणि तिचं डोकं फिरलं.

"आवं, कालधरनं छातीत जळजळतंय म्हंता, अन् मरायला निगालात व्हय?"

"पडूनच तर ऱ्हायचंय," दत्तोबा म्हणाला. "मरायला काय ताकद लागती का?"

"लाल पाटी घ्या की मग. जखमी व्हा. जरा कण्हलं तरी चालतंय त्यात."

"जखमीला खांद्यावर टाकून पळत्यात, नंदे. मागल्या खेपंला श्रीपतीला आपटलं हुतं. मेल्यालं बरं. कुनी हात लावत न्हाई."

नंदाबाई हसली. मीही मनात हसलो असेन. मित्रांनो, त्याने लाल पाटी घेतली असती, तर धावत डॉक्टर आले असते. त्याला उचलून गाडीत घातलं असतं. हा विचार माझ्या भिंतींतून अजून जात नाही.

दुपारी हल्ला सुरू झाला. दत्तोबा टाकीपाशी गिरकी घेऊन पडला, पण गिरकी अर्धीच झाली. त्याचा हात छातीकडे गेला, मुठीत सदरा धरला आणि सुटला. एक पोरसवदा सैनिक, नाकावर तीळच तीळ असलेला, त्याच्या शेजारून धावत होता. तो थबकला. दत्तोबाच्या ओठांकडे बघून वाकलाही. मग त्याला काळी पाटी दिसली. त्याने आजूबाजूला पाहिलं, सरळ झाला आणि पुढे धावला. त्याला वाटलं असेल, काय हुबेहूब करतोय हा माणूस.

तेवढ्यात धुराचा एक गोळा भलतीकडे पडला आणि पठारावरचं वाळलेलं गवत पेटलं. डोंगरावरचा वणवा कसा पळतो ते मावळातल्या पोरांना सांगायला नको. सराव तिथेच थांबला. चार भाषांत आरडाओरडा झाला. फौजा बंदुका टाकून आग विझवायला धावल्या, बायकांना दरवाजाबाहेर काढलं, पुरुषांनी ओल्या डहाळ्या तोडल्या. पंचही धावला. लांब शिट्टी वाजवायची कोणाला आठवणच राहिली नाही.

बाकीचे मेलेले धूर बघून आपणहून उठले. त्यांच्यात सत्यम होता, तेव्हा विशीतला. त्याने पळता पळता हाक मारली, "आबा, उठा! समदी पळाली!" दत्तोबा उठला नाही. सत्यम दोन पावलं पुढे आला आणि थांबला. "शिट्टीबिगर उठायचं न्हाई हे म्हातारं," असं म्हणत तो हसला आणि आगीकडे पळाला. आग टाकीपर्यंत येणार नव्हती हे त्याला दिसत होतं. त्याच्या मनात काहीच वाईट नव्हतं.

आग विझली तेव्हा पुरुष काळ्या तोंडांनी परत आले. दरवाजाबाहेर उभी राहून नंदाबाई एकेक तोंड बघत होती. सगळी तोंडं बघून झाली आणि ती आत पळाली. पण तोवर कोणीतरी दत्तोबाला पाहिलं होतं आणि सैनिकांनी टाकीभोवती कडं केलं होतं. डॉक्टर येईपर्यंत कोणी जवळ जायचं नाही, असा हुकूम होता. नंदाबाई त्या कड्याबाहेर ओरडत राहिली, "आवं, उठा! खेळ मोडलाय!" तिला नवऱ्याला साधं हलवूनही बघता आलं नाही. डॉक्टर आले, मान हलवली आणि त्याच्या गळ्यातली काळी पाटी काढून ठेवली.

पुढचं मी गावकऱ्यांच्या तोंडून ऐकलं. दहाव्याला इंद्रायणीच्या काठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. कावळे होते, झाडावर ओळीने बसले होते, पण खाली येईनात. भावकीतल्या लोकांनी हात जोडले. कोणी म्हणालं, सारिकाचं शिक्षण आमी बगू. कोणी म्हणालं, बांधाचं भांडण मिटवू. दत्तोबाच्या बैलाचंसुद्धा नाव घेऊन झालं. उन्हं कलली तरी कावळा आला नाही, तेव्हा दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक घरी निघाले. नंदाबाई वाटेत मटकन खाली बसली. "त्येचं काय बी ऱ्हायलेलं न्हाई," ती म्हणाली. "शिट्टी झाली न्हाई. पडलाय तो अजून तितंच."

लोकांना वाटलं, दुःखाने बोलते आहे. पण मित्रांनो, ती बरोबर बोलत होती. मला भूतबीत काही कळत नाही. मी सिमेंटचा आहे, मला दिसतं तेवढं सांगतो. दत्तोबाला गावकऱ्यांनी खांद्यावरून नेलं, आणि तरी दत्तोबा टाकीपाशी पडलेलाच होता. डोळे मिटून, शिस्तीत. पावसाळ्यात माझ्या अंगणात गुडघाभर गवत वाढायचं, पण तिथली माणसाएवढी जागा तशीच चेपलेली राहायची. खंडाळ्याच्या घाटात आगगाडीने शिट्टी दिली की ती इकडे पठारावर बारीक ऐकू येते. ती आली की त्याच्या पापण्या हलायच्या. ही ती नव्हे, असं कळलं की पुन्हा मिटायच्या. रोज कितीतरी गाड्या जातात. मला त्या शिट्ट्यांचा कंटाळा आला नाही, त्यांची भीती वाटू लागली.

पुढच्या वर्षी फौजा आल्या तेव्हा भर दुपारी टाकीजवळ पहारा द्यायला कोणी तयार होईना. एकाने सांगितलं, तिथे एक माणूस झोपलाय, काळी पाटी घालून. दुसऱ्या फौजेतल्याने आपल्या भाषेत तेच सांगितलं. नकाशावरच्या एका रेघेवरून भांडणारे हे चार देश त्या माणसाबद्दल मात्र एकमताचे होते. कोणी टाकीपाशी मेणबत्ती लावली, कोणी नारळ ठेवला, कोणी आपल्या वाटणीची बिस्किटं ठेवली. काळी पाटी आणि लांब शिट्टी दत्तोबा गेल्यापासून सरावातून काढूनच टाकली होती, आणि त्याच्यासाठी म्हणून शिट्टी कोणी वाजवली नाही, कारण त्याला काय हवं आहे हे कोणाला माहीतच नव्हतं. वरच्या साहेबांनी ही चर्चा बंद करायला लावली.

सत्यमला तर झोप लागेना. एकदा तो जत्रेतली शिट्टी घेऊन आला आणि टाकीपाशी गाल फुगवून फुगवून वाजवत बसला. नंदाबाई त्याच्यामागे उभी होती. शेवटी तिनेच त्याच्या हातातून शिट्टी काढून घेतली. "ऱ्हाऊ दे, बाबा. तो पंचाच्या शिट्टीला उठनारा मानूस हाय. असल्या पिपानीला न्हाई फसायचा." सत्यम माझ्या भिंतीला टेकून रडला. "मावशी, मी हात लावून बगायला पायजे हुतं," एवढंच तो म्हणत होता. नंदाबाईने त्याला कधी बोल लावला नाही.

नंतर मैत्री पातळ झाली. एका वर्षी तीनच झेंडे चढले, मग दोन. मग शिमगा होऊन गेला तरी कोणीच आलं नाही. माझा गिलावा सुटला, गल्लीतली दुकानं वटवाघळांनी घेतली. शनिवार-रविवारी गाड्या भरभरून पोरं येऊ लागली. खोट्या किल्ल्यातलं खरं भूत, असं ओरडत मोबाइलपुढे नाचायची. एकाने गळ्यात काळा पुठ्ठा अडकवला आणि नेमका दत्तोबाच्या जागेवर जाऊन पडला. नंदाबाई गवत कापायला आली होती. ती विळा घेऊन अशी धावली, की तो बूट तिथेच टाकून पळाला. खोटं कशाला बोलू, मला फार समाधान वाटलं.

आणि मग यंदा बातमी आली. मला पाडणार. माझ्या जागी मोठं हॉटेल होणार, टाकीच्या जागी पोहण्याचा तलाव. त्याआधी जागा परत द्यायला उरलेल्या दोन देशांचे अधिकारी थोडे सैनिक घेऊन येणार, झेंडे उतरवणार आणि कायमचे जाणार. ते तुंगार्लीच्या ज्या हॉटेलात उतरले, तिथेच सारिका आता स्वागतकक्षात नोकरी करते. तिनेच सहज घरी सांगितलं आणि त्या दिवसापासून नंदाबाईने तिच्या मागे धोशा लावला, की साहेबांकडून पंचाची शिट्टी वाजवून घे. हे अधिकारी गेले, मी पडलो, की दत्तोबाला उठवणारं कोणी उरणार नव्हतं.

झेंडे उतरवायच्या दिवशी सकाळी मायलेकी माझ्या दरवाजात उभ्या राहून भांडत होत्या. मागे सत्यम उभा होता.

"आई, काय सांगू मी त्यांना? हसतील ते. उद्या त्याच लोकांना मला हॉटेलात तोंड दाखवायचंय."

"तुज्या बापावर तलाव बांदत्यात. वरनं लोक पवतील. चालंल तुला?"

सारिकाने ओढणी नीट केली आणि आत गेली. अधिकाऱ्यांमध्ये एक पांढऱ्या केसांचा, किंचित लंगडणारा साहेब होता. पूर्वी तो इथे पंच म्हणून येऊन गेलेला. सारिका त्याच्याशी इंग्रजीत बोलली. माझे वडील सरावात इथे वारले, आईला ती जागा एकदा बघायची आहे, असं तिने सांगितलं. साहेबाने टोपी काढली आणि हवं तेवढं बघा म्हणाला.

नंदाबाईला इंग्रजी येत नाही, पण ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती. "येवढंच? शिट्टीचं सांगितलंस?"

सारिकाने नकारार्थी मान हलवली.

"सांग की गं."

मग सारिकाने सांगितलं. आधी हळू, मग थांबता न येणाऱ्या माणसासारखं. पाटी, नियम, वणवा, न शिवलेला कावळा, सगळं. शेवटी ती म्हणाली, "मी लहान होते. सगळे म्हणाले, वडील गेले. आई एकटीच म्हणत होती की गेले नाहीत, वाट बघतायत. मला तिची लाज वाटायची, सर. म्हणून मी इतकी वर्षं कोणाला विचारलंच नाही."

एक तरुण अधिकारी पुढे झाला. तो सराव कागदोपत्री कधीच संपला आहे, असं त्याने समजावलं. म्हाताऱ्या साहेबाने त्याला थांबवलं आणि विचारलं, "शिट्टी झाली होती का?" 

मग मित्रांनो, मी जे पाहिलं ते लोहगडानेही पाहिलं नसेल. साहेबाने खिशातला पांढरा रुमाल काढून दंडाला बांधला. हुकूम दिला. दोन देशांचे उरलेसुरले सैनिक टाकीसमोर रांगेत उभे राहिले. कोणी हसलं नाही. साहेबाने सराव संपल्याचं मोठ्याने जाहीर केलं, छाती भरून श्वास घेतला आणि लांब शिट्टी दिली. माझ्या चारही बुरुजांवर ती आपटली आणि विरली.

दत्तोबा उठला नाही.

त्याच्या पापण्या हलल्या आणि नेहमीसारख्या पुन्हा मिटल्या. इतक्या शिट्ट्यांनी त्याला फसवलं होतं, की खरीवर त्याचा विश्वासच बसेना. साहेब शिट्टी हातात धरून उभा होता. सारिकाने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं, आता हा माझ्याबरोबर गाडला जाणार.

तेव्हा नंदाबाई पुढे गेली. त्या चेपलेल्या गवताशी ती बसली आणि माणसाचा खांदा असतो नेमक्या त्या जागी तिने हात ठेवला. तिला काही दिसत नव्हतं, तरी हात बरोबर पडला. गाढ झोपलेल्या माणसाला हलवतात तसं तिने हलवलं.

"आवं, उठा. झाली शिट्टी. ही खरीच हाय, मी सांगते न्हवं?"

आणि तो उठला. कोपरावर जोर देत, कण्हत उठला. कपडे झटकले. बायकोच्या पांढऱ्या केसांकडे त्याने नवलाने पाहिलं. मग तो इकडेतिकडे बघत कोणाला तरी शोधू लागला. शाळेच्या कपड्यातली, दोन वेण्या घातलेली पोर शोधत होता. समोर उभ्या असलेल्या बाईवरून त्याची नजर दोनदा गेली. तिसऱ्यांदा ती थांबली. सारिका रडत होती, आणि रडताना ती लहानपणी खालचा ओठ चावायची तसाच आताही चावत होती. दत्तोबाने हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. सारिकाने एकदम आपल्या केसांना हात लावला आणि आईकडे पाहिलं. दत्तोबा माझ्या दरवाजातून बाहेर पडला आणि मला पुन्हा दिसला नाही.

मित्रांनो, पुढच्या आठवड्यात माझ्यावर मशीन चालणार आहे. मला वाचवा, असं मी म्हणत नाही. वाचवायला खरे किल्ले पुष्कळ आहेत, आधी त्यांच्यावरचा प्लास्टिकचा कचरा उचला. माझं तुमच्याकडे दुसरंच मागणं आहे. तुम्हीही खेळता. पळता, पडता, आणि खेळात कोणीतरी मेलेला असतो. तो जरा जास्तच वेळ पडून राहिला, तर शिट्टीची वाट बघू नका. हुबेहूब करतोय म्हणून हसू नका. जवळ जा, खांद्याला हात लावून त्याला हलवा आणि विचारा, बरा आहेस ना रे? खेळ मोडला तर मोडू द्या, तो पुन्हा मांडता येतो.